धारवाडचे जी. ए. : सीमेवर राहून मराठी कथा लिहिणारा माणूस

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातल्या मराठी घरांत एक चर्चा दर चार-सहा महिन्यांनी होतेच. मुले कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात, बाजारात कन्नड, ऑफिसात कन्नड-इंग्रजी, शेजारी उर्दू आणि दखनी. मग मराठी उरली कशापुरती? देवघरातल्या आरतीपुरती आणि लग्नपत्रिकेपुरती? कोणी म्हणतो, मराठी वाचायची-लिहायची असेल तर पुणे-मुंबई गाठायला हवे, इथे राहून ते व्हायचे नाही.

अशा वेळी मला जी. ए. कुलकर्णी आठवतात. जवळजवळ सारे कर्ते आयुष्य त्यांनी धारवाडात काढले. नोकरी इंग्रजी शिकवण्याची, गाव कन्नड साहित्याचे माहेरघर, आणि घरी बसून लिहिल्या त्या मराठी कथा. त्याही अशा की विसाव्या शतकातल्या मराठी कथेचा विषय निघाला आणि त्यांचे नाव आले नाही असे होत नाही. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकलेले आहे, काहींनी शाळा-कॉलेजात एखादा धडाही वाचला असेल. पण जी. ए. अवघड आहेत असे ऐकून पुस्तक परत ठेवणारेच जास्त. त्यांच्या आयुष्याबरोबर त्यांच्या निरनिराळ्या प्रकारच्या कथांचीही ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख. मी कॉमर्सचा माणूस. साहित्याचे शास्त्र मला येत नाही. एक साधा वाचक म्हणून जे वाटले ते लिहितो.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १० जुलै १९२३ चा, बेळगावच्या मुलुखातला. तो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आपला बिदर आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात, बेळगाव-धारवाड इंग्रजांच्या. १ नोव्हेंबर १९५६ ला हे सगळे जिल्हे एकाच म्हैसूर राज्यात आले, आणि पुढे १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. म्हणजे आपली आणि जी. एं.ची वाट वेगवेगळ्या दिशेने येऊन एकाच चौकात मिळाली असे म्हणता येईल.

बालपण आणि शिक्षण बेळगावात. परिस्थिती बेताची. आईवडील, बहिणी अशी जिवाभावाची माणसे एकामागून एक लवकर गेली. त्यांच्या कथांत मरण इतके का, असा प्रश्न नवीन वाचक विचारतो. लेखकाचे आयुष्य आणि लेखकाची कथा यांत सरळ गुणाकार-भागाकार करू नये असे जाणकार सांगतात, ते मला पटतेही. तरीपण ज्या घरातून एकेक माणूस उठून जाते त्या घरातल्या मुलाला नियती हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही, एवढे तरी म्हणायला हरकत नसावी.

एम. ए. झाल्यावर पुढे धारवाडला जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात, म्हणजे सगळे ज्याला जे.एस.एस. म्हणतात तिथे, ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. सुमारे तीन दशके तिथेच शिकवले. लग्न केले नाही. घरात मावसबहिणी होत्या आणि त्यांचा संसार हाच जी. एं.चा संसार. नाव झाल्यावर पुण्या-मुंबईहून बोलावणी येऊ लागली, व्याख्याने, सत्कार, मुलाखती. ते बहुतेक टाळत. डोळ्यांवर काळा चष्मा, समारंभाला नकार आणि छायाचित्राचाही कंटाळा, यामुळे त्यांच्याभोवती एक गूढ वलय तयार झाले. मला ते वलय थोडे अतिरंजित वाटते. क्लबात जाऊन पत्ते खेळणारा, चित्रे काढणारा, मित्रांना पानेच्या पाने पत्रे लिहिणारा माणूस माणूसघाणा कसा म्हणायचा? त्यांना गर्दी नको होती एवढेच. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काउंटरवर काढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन समजते.

धारवाड हे गावही लक्षात घेतले पाहिजे. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे याच गावचे. त्यांच्या घरची भाषा मराठी, आणि 'संवाद' नावाचे त्यांचे मराठी पुस्तकही आहे. पण लिहिले मुख्यतः कन्नडात. मल्लिकार्जुन मन्सूर इथलेच, गंगूबाई हनगल शेजारच्या हुबळीच्या. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्र्यांना ओडिया लेखक गोपीनाथ मोहंती यांच्यासोबत मिळाला, आणि त्याच वर्षीचा मराठीचा साहित्य अकादमी पुरस्कार जी. एं.च्या 'काजळमाया'ला जाहीर झाला. एकाच गावातला मराठी घरचा एक माणूस कन्नडचा सर्वात मोठा कवी झाला आणि दुसरा मराठीचा एवढा मोठा कथाकार. दोघांनाही गाव सोडावे लागले नाही. सीमाभागातल्या भांडणांच्या बातम्या आपण रोज वाचतो. त्याच वर्तमानपत्रांत ही गोष्ट मात्र कधी छापून येत नाही.

जी. ए. लिहू लागले तेव्हा मराठीत नवकथेचे दिवस होते. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांनी कथेचा जुना साचा मोडला होता. 'सत्यकथा' मासिकात कथा छापून येणे म्हणजे पहिल्या वर्गात पास होणे. धारवाडहून टपालाने गेलेल्या जी. एं.च्या कथा तिथे छापून येऊ लागल्या. लेखक संपादकाच्या समोर नाही, त्यांच्या बैठकीत नाही, कोणत्या गटात नाही. पाकिटातून जे गेले त्यावरच सगळा निकाल.

१९५९ मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने त्यांचा पहिला संग्रह 'निळासावळा' काढला. मग 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२), 'रक्तचंदन' (१९६६), 'काजळमाया' (१९७२), 'सांजशकुन' आणि 'रमलखुणा' (दोन्ही १९७५), 'पिंगळावेळ' (१९७७). या नावांकडे जरा पाहा. आधीच्या पाच नावांत रंग आहे: निळा, पारवा, हिरवा, लाल, काजळाचा काळा. नंतरच्या तीन नावांत भविष्य आहे: शकुन, रमल आणि पिंगळा. पिंगळा म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना सांगायला नको. पहाटे अंधारात कंदील घेऊन दारोदार येणारा आणि घरातल्यांचे भविष्य सांगून जाणारा पिंगळा आपल्या खेड्यांतही येत असे. ही नावांची उतरंड लेखकाने ठरवून केली की आपोआप झाली, ते बाजूला ठेवू. पण कथांचा प्रवासही तसाच आहे. सुरुवातीला डोळ्यांना दिसणारे, रंगांनी भरलेले जग, आणि पुढेपुढे दिसण्याच्या पलीकडे काय लिहून ठेवले आहे त्याचा शोध.

पहिल्या चार संग्रहांतल्या बहुतेक कथा आपल्या ओळखीच्या घरांतल्या आहेत. बेळगाव-धारवाडकडची कौलारू घरे, अंधाऱ्या माजघरात वावरणाऱ्या बायका, कर्जाने वाकलेला बाप, पैसा नसलेल्या घरात लग्नाची राहिलेली मुलगी, नोकरीत मान खाली घालून जगणारा कारकून. मराठीला कन्नडचा वास आहे, माणसांच्या नावांनाही. पुण्याच्या वाचकाला ते वेगळे वाटले असेल. आपल्याला ते घरचे वाटते, कारण आपल्या मराठीलाही तोच वास आहे, आणि पुण्याला गेल्यावर नातेवाईक त्यावरूनच आपल्याला हसतात. ज्या बोलीची आपण लाज बाळगतो तिच्यात एवढी ताकद आहे, हे जी. ए. वाचताना मला पहिल्यांदा जाणवले.

या कथा वाचताना एक अडचण मात्र येते. दुःख फार आहे. एका कथेत एक संकट पुरत नाही, दुसरे दार ठोठावत येते. माणूस जरा कुठे सावरला की पायाखालची फळी निसटते. समीक्षकांनी याबद्दल तक्रार केलेली आहे: योगायोग फार, उपमा फार, आणि नियतीचा दोर लेखक स्वतःच ओढतो की काय अशी शंका येते. ही तक्रार पूर्ण खोटी नाही. एका बैठकीत तीन कथा वाचू नयेत असे माझे मत आहे. एक वाचावी आणि दोन दिवस पुस्तक मिटून ठेवावे. मग ती माणसे डोक्यात फिरू लागतात. वाईट वागणाऱ्या माणसाचाही लेखकाने तिरस्कार केलेला नाही, हे त्यानंतर ध्यानात येते. सावत्र वागणारी बाई, लोभी भाऊ, दारुडा नवरा, सगळे आपापल्या पिंजऱ्यात अडकलेले. जी. ए. त्यांना शिक्षा सुनावत नाहीत, पिंजरा दाखवतात.

'काजळमाया'पासून पट्टा बदलतो. त्यातल्या 'विदूषक' या कथेत राजदरबार आहे, सत्तेचे डाव आहेत आणि हसवण्याचे काम करणारा, पण सर्वांत जास्त पाहणारा एक विदूषक आहे. कोणत्या देशातला दरबार, कोणते शतक, काही सांगितलेले नाही आणि सांगायची गरजही पडत नाही. साध्या घरगुती कथा याच पुस्तकात शेजारी बसलेल्या आहेत. एकच लेखक दोन्ही लिहितो हे पहिल्यांदा खरे वाटत नाही. 'काजळमाया' त्यामुळे मला सर्वात वाचनीय संग्रह वाटतो. एका बाजूला ओळखीचा रस्ता, दुसऱ्या बाजूला अनोळखी रान.

याच पुस्तकाच्या पुरस्काराची हकिकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. अकादमीचा पुरस्कार ठराविक वर्षांत प्रकाशित झालेल्या पुस्तकालाच देता येतो. 'काजळमाया'वर १९७२ साल छापलेले होते. पुरस्कार जाहीर झाल्यानंतर पुस्तक प्रत्यक्षात नक्की केव्हा बाजारात आले याबद्दल वाद उपस्थित झाला, म्हणजे ते नियमात बसते की नाही. आता पुस्तकावर तारीख टाकणे हे लेखकाचे काम नाही. कथांच्या गुणवत्तेबद्दल कोणाचे दुमत नव्हते. दुसरा कोणी असता तर खुलासे करत बसला असता, किंवा गप्प राहून प्रकरण थंड होऊ दिले असते. जी. एं.नी पुरस्कार परत करून टाकला.

बँकेत आम्हाला शिकवले होते की कागदावरची तारीख आणि व्यवहाराची तारीख यांत एका दिवसाचा फरक असला तरी तो व्हाउचर बाजूला ठेवायचा, रक्कम कितीही असो. इथे तर राष्ट्रीय सन्मान होता. नियमाचा संशय आपल्या नावावर एक दिवसही राहू नये, यासाठी माणसाने हातात आलेले सोडले. पुष्कळ लोक ही घटना जी. एं.च्या विक्षिप्तपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला ती हिशेबाच्या स्वच्छतेचे उदाहरण वाटते. पुढे त्या वादात कोण बरोबर होते याची चर्चा होत राहिली, पण तिच्यात त्यांनी फारसा रस दाखवला नाही. १९७५ मध्ये दोन नवीन पुस्तके आली आणि दोन वर्षांनी तिसरे.

'सांजशकुन'मध्ये लहान लहान रूपककथा आहेत. पंचतंत्र आणि इसापनीती लहानपणी वाचलेल्या माणसाला हा प्रकार नवा नाही, फरक एवढाच की इथे शेवटी तात्पर्य मिळत नाही. 'रमलखुणा'मध्ये 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच दीर्घकथा आहेत. कोणत्याही नकाशात नसलेला प्रदेश आणि त्यातून चाललेला माणूस. खरे सांगायचे तर हे पुस्तक मला जड जाते. दोनदा वाचले, दोन्ही वेळा मध्ये थांबलो आणि पुन्हा मागची पाने चाळली. साहित्याचे विद्यार्थी याच पुस्तकावर प्रबंध लिहितात, तेव्हा त्यात खोली असणारच. पण एखाद्या सभासदाने जी. ए. वाचायची सुरुवात 'रमलखुणा'पासून केली तर तो दुसरे पुस्तक हातात घेणार नाही, अशी मला भीती वाटते.

'पिंगळावेळ' मात्र सर्वांनी वाचावे. त्यात एका पुस्तकात चार प्रकारच्या कथा मिळतात. 'ऑर्फियस'मध्ये ग्रीक पुराणातली गोष्ट आहे: मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात गेलेला गायक. आपल्याकडे सावित्री यमाच्या मागे गेली, तिकडे ऑर्फियस. सावित्री जिंकली, तो हरला. 'यात्रिक'मध्ये स्पॅनिश कादंबरीतला डॉन क्विझोट पुन्हा भेटतो. पवनचक्क्यांना राक्षस समजून लढणारा तो म्हातारा सरदार मराठीत आणून जी. एं.नी त्याच्याकडून वेगळेच प्रश्न विचारून घेतले आहेत. मूळ गोष्ट माहीत नसेल तर आधी नातवंडांकडून ती इंटरनेटवर शोधून घ्यावी, मग कथा वाचावी. मजा दुप्पट होते.

'स्वामी' ही त्यातली कथा आपल्या भागातल्या वाचकाला विशेष लागू पडेल. गाणगापूर, माणिकनगर, बसवकल्याण, आपल्या अवतीभवती मठ-मंदिरांची कमी नाही, आणि स्वामी हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. कथेतला साधा वाटसरू एका मठात नेला जातो, तिथे त्याला आदराने स्वामी म्हणून बसवतात, आणि हळूहळू कळते की ही गादी म्हणजे कोठडी आहे, बाहेर पडायला वाट नाही. पूजा होते, नैवेद्य येतो, सुटका नाही. भयकथेसारखी सुरुवात होऊन कथा कुठल्या कुठे जाते. शेवटी त्या बंद जागेतून उजेडाकडे चढणारी एक वेल आहे. तिच्याविषयी मी जास्त सांगत नाही, कारण ती पाने वाचण्याचा आनंद ज्याने त्याने घ्यावा. ज्यांना वाटते की जी. ए. फक्त निराशा लिहितात, त्यांनी ही कथा वाचून मग बोलावे.

आणि 'कैरी'. आईविना पोर मावशीकडे राहायला येते, मावशीच्या घरातले दिवस कठीण, आणि त्यात तिने त्या पोराला लावलेली माया. नियती नाही, राजदरबार नाही, ग्रीक पुराण नाही. अमोल पालेकरांनी २००० साली यावर 'कैरी' याच नावाचा चित्रपट केला. घरातल्या बायकांना, विशेषतः ज्यांनी दुसऱ्याची मुले वाढवली आहेत त्यांना, ही कथा वाचून दाखवावी. मावशी हे नातेच मराठीत इतके गोड आहे की कथेचे अर्धे काम तो शब्द करतो. जी. एं.चे स्वतःचे घर मावसबहिणींमुळे घर झाले होते, हे माहीत असल्यावर ती आणखी जवळची वाटते.

आता त्यांच्या वाचनाविषयी. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणजे वाचणारच, पण जी. एं.चे वाचन नेमलेल्या पुस्तकांपुरते नव्हते. त्यांच्या पत्रांतून पुस्तके, चित्रे, नाटके, माणसे यांच्यावर सतत काही ना काही येत राहते. सुनीताबाई देशपांडे, सांगलीचे प्राध्यापक म. द. हातकणंगलेकर, कवी ग्रेस, संपादक राम पटवर्धन, श्री. पु. भागवत अशा लोकांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ही पत्रे त्यांच्यामागे 'जी. एं.ची निवडक पत्रे' या नावाने खंडांत प्रसिद्ध झाली. पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात २००३ मध्ये आली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एक संवाद ऐकू येतो. समीक्षेचे लेख वाचायला आपल्याला कंटाळा येतो, पण या पत्रांत पुस्तकांविषयीचे मत एखाद्या मित्राने ओट्यावर बसून सांगावे तसे येते. आवडले तर भरभरून, नाही आवडले तर तेही मोकळेपणी. पुस्तक कोणत्या जातीचे, वरच्या दर्जाचे की खालच्या, हे आधी ठरवून मग वाचणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आपल्याकडे रहस्यकथा वाचणारा ती वर्तमानपत्रात लपवून वाचतो, आणि गंभीर पुस्तक वाचणारा ते दिवाणखान्यात दिसेल असे ठेवतो. हा भेद जी. एं.च्या पत्रांत सापडत नाही.

वाचनातूनच त्यांचे अनुवादाचे मोठे काम उभे राहिले. कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाने ओहायोच्या जंगलात वस्ती करायला गेलेल्या एका कुटुंबावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत दाट झाडी, दुसरीत झाडे तोडून केलेली शेते, तिसरीत उभे राहिलेले शहर. तिसऱ्या कादंबरीला १९५१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जी. एं.नी या तिन्ही मराठीत आणल्या: 'रान', 'शिवार' आणि 'गाव'. रिक्टरची आणखीही पुस्तके त्यांनी केली, त्यांतले एक 'रानातील प्रकाश'. शिवार हा शब्द बघा. शेते म्हटले असते तरी भाषांतर बरोबर झाले असते. पण शिवार म्हटल्यावर भालकी-औरादच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तुरीचे आणि ज्वारीचे पीक उभे राहते, बांध येतो, गावाची हद्द येते. ओहायोची सेवर्ड नावाची बाई कुऱ्हाड घेऊन झाडे तोडते, मुले वाढवते, भावंडांना सांभाळते, आणि वाचताना ती आपल्या पणजीसारखी वाटू लागते. कथा वाचायचा धीर नसेल अशा कुटुंबांनी जी. एं.ची सुरुवात 'रान'पासून केली तरी चालेल. गोष्ट सरळ आहे आणि मराठी फार सुंदर आहे.

लहान मुलांसाठीही त्यांनी लिहिले, हे फार लोकांना माहीत नाही. 'मुग्धाची रंगीत गोष्ट' आणि 'बखर बिम्मची' ही दोन पुस्तके. बिम्म हा छोटा मुलगा, बब्बी ही त्याची बहीण, आणि त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले जग. 'रमलखुणा' लिहिणाऱ्या हातानेच हे लिहिले आहे. मोठ्यांच्या कथांत ज्याने मुलांची इतकी दुःखे लिहिली, त्याने बिम्मला मात्र कुठेही दुखावलेले नाही.

आयुष्याच्या अखेरीस ते धारवाड सोडून पुण्याला आले. एवढी वर्षे ज्या शहराचे बोलावणे टाळले तिथेच शेवटी मुक्काम झाला. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले, वय चौसष्ट. त्यांच्या निवडक कथांचा, हातकणंगलेकरांनी संपादित केलेला 'डोहकाळिमा' हा संग्रह त्याच वर्षीचा. 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' हे बेळगावच्या लहानपणाच्या माणसांवरचे पुस्तक पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये निघाले. आत्मचरित्र म्हणावे तर तसे नाही आणि कथा म्हणाव्यात तर तशाही नाहीत. एका लहान मुलाच्या नजरेसमोरून गेलेली गल्लीतली, नात्यातली, शाळेतली माणसे. काही फार मोठी, काही अगदी किरकोळ, आणि लेखकाचा जीव किरकोळ माणसांवर जास्त. त्यात विनोदही आहे. जी. ए. आणि विनोद हे दोन शब्द एका ओळीत आलेले पाहून ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांनी हे पुस्तक जरूर मिळवावे. मागे राहिलेल्या इतर कथांचा 'कुसुमगुंजा' १९८९ मध्ये आला.

मंडळाच्या सभासदांना वाचनाचा क्रम सुचवायचा झाला तर माझा क्रम असा. आधी 'माणसे : अरभाट आणि चिल्लर', म्हणजे लेखकाचा मुलुख आणि आवाज ओळखीचा होतो. मग 'पिंगळावेळ'मधली 'कैरी', आणि लगेच त्याच पुस्तकातली 'स्वामी'. दोन्ही पचल्या तर 'काजळमाया' सलग. जुन्या संग्रहांसाठी 'डोहकाळिमा' सोयीचा, एका पुस्तकात काम होते. 'रमलखुणा' सर्वात शेवटी, आणि जमल्यास दोघातिघांनी मिळून, कारण त्यावर बोलायला कोणी नसेल तर वाचणाऱ्याचा जीव घुसमटतो. पत्रे केव्हाही, कुठूनही उघडून.

ज्यांची नातवंडे मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात, त्यांनी 'बखर बिम्मची' आणून रात्री झोपताना रोज थोडी मोठ्याने वाचावी. पुस्तक लहान आहे, आठवडाभरात होते. कन्नड माध्यमातल्या मुलांना देवनागरी नवी असते, त्यांना सुरुवातीला नुसते ऐकू द्यावे आणि बोट फिरवत ओळ दाखवावी. बब्बी काय बोलते हे पुढच्या दिवशी मुले स्वतःहून विचारतात.